सिंगल सुपर फॉस्फेट बाजारात आणणारे जॉन लॉज कोण होते?

सावनेरच्या कृषी केंद्रात सोयाबीन पेरणीआधी प्रश्न निघतोच, डीएपी घ्यायचं की सिंगल सुपर? डीएपीत १८ टक्के नत्र आणि ४६ टक्के स्फुरद, पण गंधक नाही. सिंगल सुपरमध्ये स्फुरद १६ टक्केच, मात्र सोबत ११ टक्के गंधक. तेलबियांना ते हवंच असतं. हे दुसरं पोतं बाजारात येण्यामागे एक इंग्रज जमीनदार आहे, जॉन बेनेट लॉज.

जन्म १८१४, लंडनच्या उत्तरेला रोथॅमस्टेडचा. वडील लवकर गेले. ऑक्सफर्डमधून पदवी न घेताच परतलेले लॉज १८३४ पासून घरची शेती पाहू लागले. हाडांचा चुरा खत म्हणून टाकायची पद्धत होती, पण त्यांच्या जमिनीत तो लागू पडेना. त्यांनी हाडांवर गंधकाम्ल ओतलं. स्फुरद पाण्यात विरघळू लागलं आणि जोडीला जिप्सम तयार झालं. सिंगल सुपरमधलं गंधक ते हेच. १८४२ मध्ये पेटंट, पुढच्या वर्षी कारखाना. लोक खत घेत ते स्फुरदासाठी, गंधक आपोआप येई.

कमावलेला पैसा लॉज यांनी प्रयोगांत घातला. रसायनतज्ज्ञ जोसेफ हेन्री गिल्बर्ट यांच्याशी त्यांची जोडी ५७ वर्षं टिकली. १८५६ मध्ये दोघांनी सुमारे सात एकरांचं जुनं कुरण पट्ट्यांत वाटलं. कुठे अमोनियम सल्फेट, कुठे सोडियम नायट्रेट, कुठे काहीच नाही. गवत कापायचं, वाळवायचं, तोलायचं.

खताने गवत वाढलं. पण अमोनियम सल्फेटच्या पट्ट्यांत माती वर्षागणिक आंबट होत गेली आणि मोजक्याच जाती उरल्या. बिनखताच्या पट्ट्यांत उत्पन्न कमी, जाती मात्र सर्वाधिक. दोष गंधकाचा नव्हता. अमोनियमचं मातीत नायट्रेट होताना आम्ल सुटतं. चुनखडीच्या काळ्या जमिनीत असं सहज होत नाही, म्हणून हा निकाल विदर्भात जसाच्या तसा लावणं चूकच.

गंधकाचा आणखी एक स्रोत तेव्हा फुकट होता, कोळशाचा धूर. तो पावसाबरोबर शेतात उतरे. विसाव्या शतकाच्या अखेरीस हवा स्वच्छ झाली, तशी ब्रिटनच्या शेतांत गंधकाची कमतरता दिसू लागली. रोथॅमस्टेडला जपून ठेवलेल्या जुन्या नमुन्यांत हा बदल शास्त्रज्ञांना मोजता आला.

लॉज यांनी १८७२ मध्ये खतांचा धंदा विकला आणि १८८९ मध्ये प्रयोगांसाठी एक लाख पौंडांचा ट्रस्ट केला. १९०० मध्ये ते गेले. त्या कुरणातलं गवत आजही कापून तोललं जातं.