युद्ध पटावर मांडणारा लेफ्टनंट

सीताबर्डीच्या टेकड्यांवर नोव्हेंबर १८१७ मध्ये झालेल्या लढाईत कंपनी सरकारची फौज मोजकी होती आणि समोर भोसल्यांचे कितीतरी पट सैन्य उभे होते. धाकटी टेकडी हातची गेली, दारूगोळा संपत आला आणि पराभव अटळ दिसू लागला. अशा वेळी कॅप्टन फिट्झजेराल्डच्या मूठभर घोडदळाने मैदानात धडक मारली आणि लढाईचे पारडे फिरले. पुढे १८२१ मध्ये कन्हान नदीच्या काठी इंग्रजांनी कामठीची छावणी वसवली, ती या लढाईने बदललेल्या राजकारणातूनच. संख्याबळाचा हिशेब एक सांगतो आणि रणांगणावर घडते भलतेच, हे त्या पिढीच्या प्रत्येक सैनिकाने अनुभवले होते. मात्र हा अनुभव नियमांत कसा बांधायचा, या प्रश्नाचा ध्यास कामठीपासून हजारो मैल दूर, बर्लिनमध्ये, तोफखान्यातील एका तरुण लेफ्टनंटने घेतला होता.

त्याचे नाव जॉर्ज हाइनरिश रुडॉल्फ योहान फॉन राइसविट्झ. जन्म १७९४ चा. वडील जॉर्ज लिओपोल्ड हे प्रशियाच्या सेवेतील मुलकी अधिकारी, राहणार ब्रेस्लाऊचे. आजचे पोलंडमधील व्रोत्सवाफ. स्वतः सैनिक नसूनही वडिलांना युद्धशास्त्राचे विलक्षण वेड होते. त्या काळी जर्मन संस्थानांत बुद्धिबळावरून बेतलेले युद्धाचे खेळ प्रचलित होते. ब्रन्सविकच्या हेल्विग नावाच्या गणितज्ञाने १७८० मध्ये असा एक खेळ सिद्ध केला होता. त्यात ६४ घरांच्या जागी दीड हजारांहून अधिक घरे होती. कुठे नदी, कुठे डोंगर, कुठे गाव. तरीही ते बुद्धिबळच राहिले. सोंगटीने सोंगटीवर झेप घेतली की समोरची सोंगटी मेलीच. खऱ्या युद्धात असे होत नाही. थोरल्या राइसविट्झने घरे मोडून काढली आणि ओल्या वाळूत भूप्रदेश घडवून त्यावर सैन्याचे ठोकळे मोकळेपणी फिरवले.

ही वार्ता राजपुत्रांमार्फत राजा तिसऱ्या फ्रेडरिक विल्यमच्या कानी गेली. राजाने खेळ पाहण्याची इच्छा व्यक्त केली, तेव्हा राजासमोर वाळूचा ढीग कसा ठेवावा, असा संकोच या सरळमार्गी अधिकाऱ्याला पडला. त्याने हवे तसे जुळवता येतील असे प्लास्टरचे रंगीत भूभाग आणि ते मांडण्यासाठी एक भव्य मेज घडवून घेतले. १८१२ मध्ये ते राजवाड्यात दाखल झाले आणि राजकुटुंबाच्या करमणुकीचे साधन बनले. पुढच्याच वर्षी नेपोलियनविरुद्धचा संग्राम पेटला, खऱ्या लढाया सुरू झाल्या आणि वडिलांचे खेळातले लक्ष उडाले. मुलगा मात्र त्यात गुंतत गेला.

धाकट्या राइसविट्झने तोफखान्यात नोकरी धरली. महायुद्ध संपल्यावर बर्लिनमध्ये असताना त्याने काही तरुण अधिकारी मित्र जमवले आणि संध्याकाळच्या बैठकींत वडिलांचा खेळ मुळापासून नव्याने रचायला घेतला. मेजाची जागा १:८००० प्रमाणाच्या नकाशाने घेतली. त्यामुळे खेळ राजवाड्याबाहेर कोणत्याही खोलीत मांडता येऊ लागला. एक डाव म्हणजे युद्धातली दोन मिनिटे असे ठरले. त्या दोन मिनिटांत पायदळ किती चालेल, घोडदळ किती दौडेल, याची कोष्टके तयार झाली.

खरी मेख होती ती बळांच्या तोलाची. पायदळ, घोडदळ आणि तोफखाना या तिन्ही अंगांची ताकद वेगळ्या जातीची. तोफ दुरून मारते. पण जवळ आलेल्या घोडेस्वारापुढे ती लुळी. घोडदळ वेगवान, पण रचना सांभाळून उभ्या असलेल्या पायदळावर ते आपटून फुटते. एका अंगाला जरा जास्त गुण दिले की शहाणा खेळाडू दुसऱ्या कशाला हात लावणार नाही, आणि मग त्या खेळातून युद्धाविषयी काही शिकताही येणार नाही. राइसविट्झने हे गुण अंदाजाने ठरवले नाहीत. प्रशियाचा सेनासुधारक शार्नहोर्स्ट याने बंदुका आणि तोफांच्या माऱ्याविषयी प्रत्यक्ष चाचण्यांतून गोळा केलेली माहिती त्याने आधाराला घेतली. किती अंतरावर किती माणसे पडतात, याचे ते आकडे होते.

परंतु सरासरी म्हणजे युद्ध नव्हे. म्हणून त्याने फासे आणले. दोन्ही बाजूंच्या बळाचे प्रमाण पाहून वेगळा फासा टाकायचा. असे पाच प्रकारचे फासे होते. बरोबरीच्या चकमकीत एक, दुपटीच्या बळाला दुसरा. अत्यंत दुबळ्या बाजूलाही क्वचित यश मिळावे, एवढी फट नियमांत राखलेली होती. सीताबर्डीची धडक या पटावर अशक्य ठरली नसती. दुर्मीळ मात्र ठरली असती.

या सर्वांहून महत्त्वाचा होता पंच. दोन्ही बाजूंचे सेनापती आपले हुकूम लेखी देत. संपूर्ण चित्र फक्त पंचाला दिसे. शत्रू टेकडीआड असेल तर त्याचे ठोकळे नकाशावर मांडलेच जात नसत. नियम जिथे मौन पाळतील तिथे निर्णय पंचाचा. आपल्याकडे मेंढीकोटाचे नियम घराघराला बदलतात आणि कॅरममधल्या राणीवरून वाडेच्या वाडे भांडतात. तिथे पंच नसतो आणि बहुधा घरातला वडीलधारा ते काम करतो. राइसविट्झने त्या वडीलधाऱ्याला नियमातच मानाचे स्थान दिले.

खेळाची कीर्ती राजपुत्र विल्यमपर्यंत पोहोचली. हाच पुढे १८७१ मध्ये जर्मनीचा सम्राट झाला. त्याने सेनाप्रमुखांच्या कार्यालयाचा मुख्य जनरल म्युफलिंग याच्याकडे शिफारस केली. म्युफलिंगने या तरुणांचे स्वागत थंडपणेच केले. डाव पुढे सरकू लागला तसा त्याचा चेहरा बदलत गेला, आणि अखेरीस हा खेळ नसून युद्धाचे शिक्षण आहे, असा निर्वाळा देऊन तो मोकळा झाला. १८२४ मध्ये राइसविट्झचे नियमपुस्तक प्रसिद्ध झाले, लष्करी साप्ताहिकात म्युफलिंगची प्रशस्ती छापून आली आणि खेळाचे संच पलटणींकडे जाऊ लागले. तिशीतल्या लेफ्टनंटच्या वाट्याला असे भाग्य क्वचितच येते.

त्याच भाग्याने घात केला. जुन्या अधिकाऱ्यांना नकाशावर एका कनिष्ठाकडून हरणे मानवेना. या खेळामुळे पोरेसोरे स्वतःला सेनापती समजू लागतील, अशी कुरबुर सुरू झाली. तिच्यात असूया किती आणि प्रामाणिक शंका किती, हे वेगळे करणे कठीण आहे. राइसविट्झला कॅप्टनपदी बढती मिळाली, पण नेमणूक झाली ती बर्लिनपासून दूर, टॉरगाऊच्या किल्ल्यात. बढतीच्या वेष्टनातली ही हद्दपारीच आहे, असे त्याने मानले. मित्रांची बैठक सुटली, राजदरबाराचे लक्ष उडाले. १८२७ मध्ये ब्रेस्लाऊ येथे त्याने आत्महत्या केली. वय अवघे ३३. माणसाच्या अशा शेवटाला एकच कारण देणे धाडसाचे ठरेल. तथापि त्याच्या मित्रांनी तरी टॉरगाऊच्या नेमणुकीकडेच बोट दाखवले.

खेळ मात्र थांबला नाही. बर्लिनच्या मित्रांनी १८२८ मध्ये नियमांना पुरवणी जोडली. त्या पिढीतला एक तरुण अधिकारी, हेल्मुट फॉन मोल्टके, या खेळाचा चाहता होता. १८५७ पासून तोच प्रशियाच्या सेनाकार्यालयाचा प्रमुख झाला. १८६६ मध्ये ऑस्ट्रिया आणि १८७०-७१ मध्ये फ्रान्स पराभूत झाल्यावर या विजयाचे रहस्य काय, म्हणून साऱ्या युरोपने जर्मन लष्करी शिक्षणाची झडती घेतली, तेव्हा हा पट सर्वांच्या हाती लागला. इंग्रजीत त्याचे नियम १८७२ मध्ये एव्हलिन बेअरिंग या तोफखान्यातल्या अधिकाऱ्याने आणले. त्याच वर्षी हा गृहस्थ व्हाइसरॉय लॉर्ड नॉर्थब्रुकचा खासगी सचिव म्हणून हिंदुस्थानात आला. पुढे इजिप्तमध्ये लॉर्ड क्रोमर म्हणून गाजला तो हाच.

प्रसाराबरोबर कोष्टकेही फुगत गेली. प्रत्येक दुरुस्तीकाराने आपल्या अनुभवाची भर घातली आणि एका चकमकीच्या निकालासाठी पानेच्या पाने उलटण्याची पाळी आली. अखेर १८७६ मध्ये जनरल फेर्डी द्यु व्हेर्न्वा याने फासे आणि कोष्टके बाजूला सारून सारा निवाडा अनुभवी पंचावर सोपवला. येथे एक वाद जन्मला: नियम काटेकोर ठेवले तर खेळ मंदावतो, पंचाला मोकळीक दिली तर त्याची लहर हाच नियम होतो. राइसविट्झने दोहोंचा मेळ घातला होता. त्याच्या वारसांनी तो तोडून दोन तट पाडले.

हा वाद पुढे समुद्रापार गेला. अमेरिकी लष्करातील टॉटन याने १८८० मध्ये आपले नियमपुस्तक काढले. सुमारे नऊ दशकांनी ते मिनेसोटातील डेव्हिड वेझली या तरुणाच्या हाती पडले. त्यातील सर्वाधिकारी पंचाच्या कल्पनेवरून त्याने १९६९ मध्ये एक प्रयोग केला. प्रत्येक खेळाडूला सैन्याऐवजी एकेका पात्राची भूमिका दिली. त्याचा मित्र डेव्ह आर्नेसन याने त्यात राक्षस, तळघरे आणि जादू आणली. तेथे तोलाचा जुना प्रश्न नव्या वेषात उभा राहिला. एका खेळाडूचे रक्तपिपासू पिशाच इतके बलाढ्य झाले की त्याला आवर घालण्यासाठी पिशाचांना पिटाळून लावणाऱ्या धर्मगुरूचा नवा वर्ग निर्माण करावा लागला. आर्नेसन आणि गॅरी गायगॅक्स यांच्या नावावर १९७४ मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ प्रसिद्ध झाला, तेव्हा योद्धा, जादूगार आणि धर्मगुरू असे तीन वर्ग त्यात होते: पायदळ, घोडदळ आणि तोफखान्याची ही दूरची नातवंडेच. प्रत्येक टोळक्याने आपापले घरगुती नियम करावेत, अशी मोकळीक सुरुवातीला होती. त्याच दशकाच्या अखेरीस गायगॅक्सने सर्वत्र एकच नियम असावेत, असा आग्रह धरला. खेळणाऱ्यांनी तो फारसा जुमानला नाही.

कामठीत आज ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचे प्रशिक्षण केंद्र आहे आणि राष्ट्रीय छात्रसेनेच्या अधिकाऱ्यांची अकादमीही आहे. भारतीय लष्करात शिकाऊ अधिकाऱ्यांना डावपेच समजावतात ते बहुधा सँड मॉडेलभोवती उभे करून. राजासमोर ठेवायला थोरल्या राइसविट्झला लाज वाटली होती, तीच वाळू लष्करी शिक्षणात टिकून राहिली.

धाकट्या राइसविट्झच्या बैठकींचा हा वृत्तान्त ज्ञात आहे तो बव्हंशी एका मित्रामुळे. तरुणपणी त्याच्या शेजारी बसून फासे टाकणारा डानहाउअर पुढे जनरल झाला. १८७४ मध्ये, मित्राच्या मृत्यूला ४७ वर्षे लोटल्यावर, त्याने त्या संध्याकाळच्या आठवणी लिहून काढल्या. म्युफलिंगची प्रशस्ती ज्या लष्करी साप्ताहिकात आली होती, त्याच साप्ताहिकात त्या छापून आल्या.