तुकोबारायांचे दिवाळे

श्रीतुकोबारायांचे चरित्र वारकऱ्याला कोणी नव्याने सांगावे असे नाही. पण त्यातला दुष्काळाचा भाग आपण कीर्तनात फार घाईने उरकतो. काही बुवा तर ज्याच्या घरात नुकतेच माणूस गेले आहे त्याच्यापुढे उभे राहून, महाराजांनी बायको गेली तरी देवाचे उपकार मानले, तुम्हीही माना, असे खुशाल सांगतात. हे बरे नव्हे. म्हणून आज तेवढाच भाग सावकाश पाहू.

देहूचे मोरे घराणे खाऊनपिऊन सुखी. घरात महाजनकी, दुकान, सावकारी. आणि विश्वंभरबोवांपासून चालत आलेली विठ्ठलाची सेवा व पंढरीची वारी. वडील बोल्होबा, आई कनकाई. थोरले सावजी विरक्त, तेव्हा प्रपंचाचा भार मधल्या मुलावर आला. वय अवघे तेरा. चार वर्षे बरी गेली. मग आईबाप गेले, भावजय गेली, सावजी तीर्थाटनाला निघून गेले. पहिली पत्नी रखमाबाई दम्याने आजारी, म्हणून पुण्याच्या आप्पाजी गुळव्यांची कन्या जिजाई दुसरी करून आणली होती. एवढी खाती तोंडे, आणि बसत चाललेला व्यापार!

अशात १६३० च्या सुमारास पाऊस गेला. दख्खन आणि गुजरात दोन्हीकडे हाहाकार झाला. त्यातच शहाजहानच्या फौजा दक्षिणेत उतरलेल्या. धान्य पिकेना, आणि असेल ते हाती लागेना. तुकोबांची विशी नुकती ओलांडली होती. दुकान बुडाले, पत गेली. काल ज्याला लोक महाजन म्हणून रामराम करीत, त्याला आज कोणी दारात उभे करीना. रखमाबाई अन्न अन्न करीत गेली. तिच्यामागे संतू नावाचे लेकरूही गेले.

आता पहा. महाराजांचे दोन अभंग आपल्या पाठात आहेत. एकात, संतांनी विचारले म्हणून, ते आपली हकिकत सांगतात. तीत पैसा गेल्याचे आहे, मान गेल्याचे आहे, बायको कशी गेली ते आहे, आणि त्याची लाज वाटली, मन दुःखी झाले, हेही आहे. काही झाकलेले नाही. दुसऱ्या अभंगात तेच सारे नुकसान पुन्हा मोजून, झाले ते चांगलेच झाले, असे ते देवाला सांगतात. बुवालोक दुसरा तेवढा गातात. पण रडलेला माणूसच पुढे तो दुसरा म्हणतो आहे, हे विसरून कसे चालेल? मीमांसकांच्या भाषेत बोलायचे तर तो विधी नव्हे. तुम्ही असे करा, अशी आज्ञा त्यात कोणालाच नाही. स्वतःला कळले ते स्वतःच्या देवाजवळ बोललेले आहे.

काय कळले? महाराज धंद्याने वाणी, हिशेबाला पक्के. नावे पडलेली रक्कम त्यांनी जमेला कशी धरली, ते त्यांच्या पुढच्या वागण्यात दिसते. भामनाथाच्या डोंगरावर पंधरा दिवस बसून राहिले. धाकटा कान्होबा शोधीत आला. दोघे इंद्रायणीकाठी आले, आणि वडिलांच्या वेळची कर्जखते महाराजांनी बाहेर काढविली. भुकेने माणूस कसे मरते हे ज्याने आपल्या घरात पाहिले, त्याला दुसऱ्या भुकेल्याच्या दारात वसुलीला जाववेना. खते नदीत गेली. किती कुळे त्या दिवशी मोकळी झाली असतील, बरं का!

पण सगळी खते गेली नाहीत. निम्मी त्यांनी कान्होबाला वाटून दिली, कारण त्यालाही प्रपंच होता. आपले तेवढे बुडविले. आपल्याला झालेल्या उपकाराची किंमत त्यांनी भावाच्या हिश्श्यातून दिली नाही. उपदेश करणाऱ्यांनी ही गोष्ट गाठीला बांधावी.

मग पडके देऊळ नीट केले, एकादशीला कीर्तनाला उभे राहू लागले, आधीच्या संतांची वचने पाठ केली. पुढचे सर्वांना ठाऊक आहे.

जिजाईच्या वाट्याचे मात्र कोणी बाजूला काढून ठेवले नाही. तिच्या तोंडाळपणावर आपण कीर्तनात हशा मिळवतो. घरात दाणा नाही, पोरे रडताहेत, धनी भंडाऱ्यावर; तिने बोलायचे नाही तर काय करायचे? आणि बोलबोलून शेवटी भाकरी बांधून डोंगर चढत होतीच की. ते जेवल्याशिवाय ती जेवत नसे, असे परंपरा सांगते.

फाल्गुन वद्य द्वितीयेस महाराज वैकुंठाला गेले तेव्हा ती गरोदर होती. तो मुलगा नारायण. बापाचे तोंड त्याने पाहिले नाही. वाढवले ते आईने. त्याच नारायणबोवांनी १६८५ साली तुकोबांच्या पादुका पालखीत घातल्या आणि आळंदीहून ज्ञानोबारायांच्या पादुका बरोबर घेऊन ते पंढरीच्या वाटेला लागले.