प्रोफेसर इमर्सन व त्यांचे विद्यार्थी

प्रयोगाचें उत्तर पुस्तकाशीं जुळलें नाहीं, म्हणजे आपण निमूटपणें आंकडा फिरवून टाकतों. आमच्या बालवाचकांनीं मनाशीं विचार करून पाहावा! मक्याच्या आनुवंशिकतेचे थोर संशोधक प्रोफेसर रोलिन्स इमर्सन यांच्या वर्गांतील मुलांनीं तसें केलें नाहीं.

इमर्सन यांचा जन्म 1873 सालीं अमेरिकेंत न्यूयॉर्क संस्थानांत झाला. बालपण नेब्रास्कांत गेलें. पुढें ते तेथील विद्यापीठांत उद्यानविद्या शिकवूं लागले. त्यांचा स्वतःचा अभ्यास त्या वेळीं घेवड्यावर चालला होता. मेंडेलचा नियम विद्यार्थ्यांस प्रत्यक्ष दिसावा, म्हणून त्यांनीं लाह्यांचा मका व गोड मका यांच्या संकरित रोपांचीं कणसें वर्गांत दिलीं. नियमाप्रमाणें चार दाण्यांत एक सुरकुतलेला गोड दाणा निघावयाचा. मुलांच्या मोजणींत ते फार कमी भरले. प्रोफेसर निष्काळजीपणाबद्दल रागावले. मग स्वतः पाहतात तों मुलांचीच मोजणी खरी! त्यांच्या एका शिष्यानें ही आठवण लिहून ठेविली आहे.

त्या कोड्यानें त्यांस मक्याकडे ओढलें. कणसाच्या केसांतून खालीं उतरतांना परागांत जणूं शर्यत लागते. गोडपणाचें गुणबीज बहुधा मागें राहणाऱ्या परागांत असतें, म्हणून तसे दाणे थोडे. यावरील त्यांचा निबंध 1934 सालीं प्रसिद्ध झाला.

1914 पासून ते कॉर्नेल विद्यापीठांत होते. तेथें त्यांच्या हाताखालीं मक्यावर काम केलेले, नेब्रास्कांतील शेतकऱ्याचे पुत्र जॉर्ज बीडल यांस 1958 सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. इमर्सन 1947 सालींच वारले होते.