विश्लेषण : मान्सूनचा अंदाज शोधताना ‘एल निनो’चा धागा सापडला कसा? सर गिल्बर्ट वॉकर कोण होते?

‘एल निनो’ हा शब्द बातम्यांत आला की शेतकऱ्यांपासून शेअर बाजारापर्यंत सगळ्यांनाच घोर लागतो. पेरूच्या किनाऱ्यालगतचे समुद्राचे पाणी तापले म्हणून मराठवाड्यातल्या पावसाची चिंता का करायची? या प्रश्नाच्या उत्तराचा एक मोठा भाग शंभर वर्षांपूर्वी सिमल्यात सापडला. तो शोधणारे सर गिल्बर्ट वॉकर मूळचे हवामानतज्ज्ञ नव्हते. ते गणिती होते.

गणिती हवामान खात्यात कसा?

वॉकर यांचा जन्म १८६८ मध्ये इंग्लंडमधील रॉचडेल येथे झाला. केंब्रिजच्या गणित परीक्षेत १८८९ मध्ये ते पहिले आले. बूमरँग हवेत वळून परत कसे येते, याचे गणित मांडण्याचा त्यांना छंद होता. तिकडे भारतात हवामान खाते अडचणीत होते. १८७५ मध्ये स्थापन झालेले हे खाते हिमालयातील बर्फ आणि इतर निरीक्षणांवरून मान्सूनचा अंदाज देत असे. १८९९ मध्ये चांगल्या पावसाचा अंदाज दिला गेला आणि प्रत्यक्षात ‘छप्पनिया’ म्हणून ओळखला जाणारा भीषण दुष्काळ पडला. अशा वेळी खात्याची सूत्रे १९०४ मध्ये वॉकर यांच्याकडे आली.

त्यांनी नेमके काय केले?

पाऊस का पडतो, याचा सिद्धान्त मांडण्याच्या फंदात ते पडले नाहीत. जगभरच्या केंद्रांवरील हवेचा दाब, तापमान आणि पावसाच्या नोंदी त्यांनी गोळा केल्या. कोणत्या ठिकाणचा बदल कुठल्या बदलाशी जुळतो, हे त्यांनी आकडेमोडीने तपासले. संगणक नव्हते, हिशेब भारतीय कारकून हाताने करत. १९०९ मध्ये त्यांनी चार घटकांवर आधारित सूत्र वापरले : हिमालयातील बर्फ, मॉरिशसमधील हवेचा दाब, दक्षिण अमेरिकेतील दाब आणि झांझिबारचा पाऊस.

पुष्कळ आकडे एकमेकांशी पडताळले की काही निव्वळ योगायोगानेही जुळतात, हे वॉकर ओळखून होते. त्यामुळे जुळणी किती पक्की हवी, याचा निकष त्यांनी ठरवला. भारतातला पाऊस कायमचा आटत चालला आहे, अशी भीती तेव्हाही व्यक्त होत असे. १९१० मध्ये त्यांनी जुन्या नोंदी तपासल्या. कायमस्वरूपी बदलाचा पुरावा त्यांना आढळला नाही.

रामानुजन यांच्याशी काय संबंध?

फेब्रुवारी १९१३ मध्ये वॉकर मद्रासला गेले असता पोर्ट ट्रस्टमधील एका कारकुनाची गणिताची वही त्यांना दाखवण्यात आली. तो कारकून म्हणजे श्रीनिवास रामानुजन. वॉकर यांनी मद्रास विद्यापीठाला शिफारसपत्र लिहिले आणि रामानुजन यांना दरमहा ७५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळण्यास त्याची मदत झाली.

‘सदर्न ऑसिलेशन’ म्हणजे काय?

प्रशांत महासागरावर हवेचा दाब वाढला की हिंदी महासागराच्या पट्ट्यात तो कमी होतो आणि उलटही घडते, असे वॉकर यांना आढळले. हा जणू हजारो किलोमीटर लांबीचा सी-सॉच. १९२० च्या दशकात त्यांनी त्याला ‘सदर्न ऑसिलेशन’ हे नाव दिले. मात्र त्यामागचे कारण त्यांना सांगता आले नाही, कारण समुद्राच्या तापमानाच्या पुरेशा नोंदीच तेव्हा नव्हत्या. मान्सूनचा खात्रीचा अंदाजही त्यांच्या हाती लागला नाही. १९२४ मध्ये निवृत्त होऊन ते लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात प्राध्यापक झाले. १९५८ मध्ये, वयाच्या ९० व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

मग महत्त्व कधी कळले?

१९६९ मध्ये जेकब बियर्कनेस यांनी समुद्राचे तापणे आणि हवेच्या दाबाचा हा झोका एकाच घटनेच्या दोन बाजू असल्याचे दाखवले. विषुववृत्तालगतच्या पूर्व-पश्चिम हवेच्या चक्राला त्यांनी ‘वॉकर सर्क्युलेशन’ म्हटले. एल निनोच्या काळात हे चक्र मंदावते आणि भारतात पाऊस कमी होण्याची शक्यता वाढते.

आज त्याचा उपयोग काय?

शक्यता म्हणजे खात्री नव्हे. १९९७ मध्ये तीव्र एल निनो असूनही मान्सून सरासरीइतका झाला. २०२३ मध्ये मात्र १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट अनुभवावा लागला. त्यात आता तापमानवाढीची भर पडली आहे, त्यामुळे जुनी नाती टिकून आहेत का, हे पुन्हा पुन्हा तपासावे लागते. वॉकर यांनी घालून दिलेली शिस्त तीच होती.

त्यांच्या निवृत्तीनंतर, १९२८ मध्ये खात्याचे मुख्यालय सिमल्याहून पुण्यात आले. मुख्यालय पुढे दिल्लीला गेले, तरी शिवाजीनगरच्या त्या इमारतीला पुणेकर आजही ‘सिमला ऑफिस’च म्हणतात आणि मान्सूनच्या हंगामी अंदाजाचे काम पुण्यातून चालते.