थोरल्या बंधूचे अंतःकरण

आषाढ शुद्ध दशमीस पंढरीनजीकच्या वाखरीच्या तळावर संतांच्या पालख्या एकत्र येतात. त्र्यंबकेश्वराहून निवृत्तिनाथ, आळंदीहून ज्ञानदेव, सासवडहून सोपानदेव आणि खानदेशातून मुक्ताई! भाविकांच्या लेखी ही चार भावंडांची भेटच होय. या भेटीचे मोल जाणावयाचे तर थोरल्या निवृत्तिनाथांचे चरित्र स्मरावे.

परंपरेनुसार त्यांचा जन्म शके ११९५ मधील, म्हणजे इ. स. १२७३ चा. पिता विठ्ठलपंत संन्यास घेऊन काशीस राहिले होते. गुरूंच्या आज्ञेने ते पुनश्च गृहस्थाश्रमात आले. समाजाने या कुटुंबास वाळीत टाकले. ब्रह्मगिरीच्या प्रदक्षिणेत वाघाच्या भयाने सर्वांची पांगापांग झाली आणि बाल निवृत्ती वाट चुकून गहिनीनाथांच्या गुहेत पोहोचले. तेथेच त्यांना नाथपंथाची दीक्षा लाभली. पुढे मुलांचा मार्ग मोकळा व्हावा म्हणून विठ्ठलपंत व रुक्मिणीमाता यांनी देहत्यागाचे प्रायश्चित्त स्वीकारले. पोरक्या भावंडांचे मायबाप होणे थोरल्याच्या वाट्यास आले, तेव्हा तोही बालवयातच होता.

धर्मशास्त्र ज्येष्ठ बंधूस पित्याचे स्थान देते. निवृत्तिनाथ पिता झाले आणि गुरूही झाले. गहिनीनाथांकडून लाभलेले धन त्यांनी धाकट्यांस वाटून दिले. शके १२१२ मध्ये नेवासे येथे ज्ञानेश्वरी सिद्ध झाली, तिचे सारे श्रेय ज्ञानदेवांनी वेळोवेळी गुरुबंधूंच्या चरणीच वाहिले. धाकट्याची कीर्ती दिगंतात गेली, तरी थोरल्याच्या मनास मत्सराचा वाराही शिवला नाही.

शके १२१८ च्या कार्तिक वद्य त्रयोदशीस आळंदीत ज्ञानदेव समाधीस बसले. त्यांना हाती धरून आसनापर्यंत नेण्याचे आणि समाधीची शिळा बंद करण्याचे कठोर कर्तव्य निवृत्तिनाथांनीच पार पाडले. नामदेवरायांनी समाधीच्या अभंगांत त्यांचा शोक वर्णिला आहे. मातापित्यांच्या वियोगसमयीही जे दुःख झाले नव्हते, ते त्या दिवशी झाले! पुढच्याच महिन्यात सासवडला सोपानदेवांनी समाधी घेतली. वैशाखात तापीतीरी विजेच्या कडकडाटात मुक्ताई अंतर्धान पावली. ज्या बोटांना धरून ही भावंडे चालली, ती बोटे रिकामी झाली. त्यानंतर ज्येष्ठ मासात निवृत्तिनाथांनी त्र्यंबकेश्वरी, गहिनीनाथ भेटले त्याच ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी, समाधी घेतली. तेव्हा त्यांचे वय अवघे चोवीस वर्षांचे होते.

भाविकहो, ज्यांचे नावच निवृत्ती, त्यांच्याही नेत्रांना पाणी आले, हे विसरू नये. वैराग्य म्हणजे मायेचा कोरडेपणा नव्हे. आपल्या माणसास त्याच्या मार्गावर हात धरून पोहोचवावे, आणि वेळ आली की तोच हात सोडावा, हे खरे वैराग्य. त्या सोडलेल्या हातांची भेट विठुराया वाखरीस दरवर्षी घडवितो. आज घराघरातील भावंडांनी मनातील अढी सोडून परस्परांस भेटावे, तर ती वारीही पांडुरंगाचरणी रुजू होईल.