एरिक्सन : स्वयंपाकघरातील कार्यशाळेपासून जगाच्या बाजारपेठेपर्यंत

बंगळूरुच्या दक्षिण भागातील बसवनगुडी ही वस्ती आज शांत रस्त्यांसाठी, गांधी बाजारासाठी आणि भल्यामोठ्या नंदीच्या मंदिरासाठी ओळखली जाते. या वस्तीचा जन्म मात्र संकटातून झाला. मुंबई आणि पुण्यानंतर १८९८ मध्ये प्लेगची साथ बंगळूरुत पोहोचली. जुन्या पेठांतील दाटीवाटीची घरे माणसांचे बळी घेऊ लागली, तेव्हा शहराबाहेर मोकळ्या जागी नव्या वस्त्या आखण्यात आल्या. बसवनगुडी त्यांपैकी एक. त्याच धामधुमीत आणखी एक गोष्ट घडली. साथीच्या बंदोबस्ताच्या कामात सुसूत्रता यावी म्हणून शहरात दूरध्वनीच्या तारा टाकण्यात आल्या. रुंद रस्त्यांची वस्ती आणि दूरवरून बोलणारी तार या दोन्ही गोष्टी बंगळूरुला एकाच आपत्तीने दिल्या.

नेमक्या याच काळात स्वीडनमधील एक कारागीर आपल्या कारखान्यात तयार झालेले दूरध्वनी रशिया, ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियापर्यंत पाठवीत होता. लार्स मॅग्नस एरिक्सन हे त्याचे नाव. पुढे शंभर वर्षांनी हेच नाव भारतातील अनेकांच्या खिशातील मोबाइल फोनवर झळकले. परंतु त्या नावामागचा माणूस कोण होता, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. आपल्याविषयी कोणी फारसे जाणून घेऊ नये, अशीच त्याचीही इच्छा होती.

खाणीतून राजधानीकडे

लार्स मॅग्नस एरिक्सन यांचा जन्म ५ मे १८४६ रोजी स्वीडनच्या पश्चिमेकडील व्हर्मलँड प्रांतात एका गरीब शेतकरी कुटुंबात झाला. जंगले, तळी आणि खडकाळ जमीन यांच्या या प्रदेशात शेतीवर कुटुंबाचे पोट भरणे कठीण होते. लार्स बारा वर्षांचे असताना वडिलांचे छत्र हरपले. शाळेत जाण्याच्या वयात त्यांना खाणीत मजुरी करावी लागली. गाठीला थोडे पैसे जमताच १८६७ मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, त्यांनी राजधानी स्टॉकहोम गाठली.

तेथे ओलर यांच्या कारखान्यात त्यांना काम मिळाले. हा कारखाना मुख्यतः तारयंत्राची उपकरणे तयार करीत असे. एरिक्सन यांनी येथे सहा वर्षे काढली. हातातील कसब आणि कामावरील निष्ठा यांमुळे वरिष्ठांचे त्यांच्याकडे लक्ष गेले. १८७२ ते १८७५ या काळात परदेशात उपकरणनिर्मितीचे शिक्षण घेण्यासाठी त्यांना दोन वेळा सरकारी शिष्यवृत्ती मिळाली. या काळात त्यांनी जर्मनीतील सीमेन्स आणि हाल्स्के या नामांकित कारखान्यातही काम केले. विजेच्या उपकरणांचे त्या काळातील सर्वोत्तम शिक्षण पुस्तकांतून मिळत नव्हते, ते कारखान्याच्या बाकावरच मिळत असे. एरिक्सन यांनी ते तेथेच मिळविले.

तेरा चौरस मीटरची कार्यशाळा

स्टॉकहोमला परतल्यावर १८७६ मध्ये एरिक्सन यांनी आपले सहकारी कार्ल योहान अँडरसन यांच्यासह स्वतःची कार्यशाळा सुरू केली. ड्रॉटनिंगगाटन या रस्त्यावरील एका घराचे जुने स्वयंपाकघर हीच ती जागा. क्षेत्रफळ जेमतेम तेरा चौरस मीटर. तारयंत्रे आणि इतर उपकरणे यांची दुरुस्ती हे सुरुवातीचे काम होते.

त्याच वर्षी अमेरिकेत अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांना दूरध्वनीचे पेटंट मिळाले. थोड्याच काळात परदेशी बनावटीचे दूरध्वनी दुरुस्तीसाठी एरिक्सन यांच्या बाकावर येऊ लागले. हे यंत्र उघडावे, त्याचे दोष पाहावेत आणि ते अधिक चांगले कसे करता येईल याचा विचार करावा, हा त्यांचा स्वभाव होता. बेल यांनी आपल्या शोधाचे पेटंट स्वीडनमध्ये घेतलेले नव्हते. त्यामुळे तेथील कोणीही कारागीर दूरध्वनी बनविण्यास मोकळा होता. १८७८ मध्ये एरिक्सन यांनी स्वतःच्या बनावटीचे दूरध्वनी तयार करण्यास प्रारंभ केला. आपले यंत्र मोठ्या प्रमाणात सीमेन्सच्या नमुन्यावर बेतलेले आहे, हे ते नाकारीत नसत. पुढे नॉर्वेतील कारखान्यांनी त्यांच्या दूरध्वनींची नक्कल केली, तेव्हाही त्यांनी तक्रार केली नाही. पेटंटचे कायदे फार कडक असते, तर आपला उद्योग उभाच राहिला नसता, याची त्यांना जाणीव होती.

१८७८ मध्येच त्यांचा विवाह हिल्डा सिमॉनसन यांच्याशी झाला. हिल्डा यांनी कारखान्याच्या कामात बरोबरीने भाग घेतला. तांब्याच्या बारीक तारेवर रेशमाचे वेष्टन चढविण्याचे नाजूक काम त्या स्वतः करीत. पती प्रवासात असताना कारखान्याच्या व्यवहारावर त्यांचीच देखरेख असे. उद्योगाच्या इतिहासात त्यांचे नाव मागे राहिले असले, तरी पहिल्या वर्षांतील उभारणीत त्यांचा वाटा मोठा होता.

बेलशी सामना

१८८० मध्ये बेल यांच्या कंपनीने स्टॉकहोममध्ये दूरध्वनीचे जाळे उभारले. अमेरिकी भांडवल आणि अमेरिकी यंत्रे यांच्यापुढे एका छोट्या कार्यशाळेचा टिकाव लागणे अवघड दिसत होते. निर्णायक क्षण १८८१ मध्ये आला. येव्हले या बंदराच्या शहराला स्वतःचे दूरध्वनी जाळे हवे होते. बेल आणि एरिक्सन या दोघांचीही उपकरणे तपासण्यात आली आणि परीक्षकांनी एरिक्सन यांच्या बाजूने कौल दिला. त्यांची यंत्रे साधी, टिकाऊ आणि दिसायलाही देखणी ठरली. त्याच सुमारास नॉर्वेतील बर्गन शहराकडूनही मागणी आली. देशाबाहेर पडलेले हे पहिले महत्त्वाचे पाऊल होते.

या यशाला खरी गती दिली ती हेन्रिक तोरे सेडरग्रेन या अभियंत्याने. बेल कंपनीचे दर सर्वसामान्यांच्या आवाक्याबाहेरचे होते. स्टॉकहोममधील प्रत्येक घरात दूरध्वनी असावा, असे स्वप्न सेडरग्रेन यांनी पाहिले आणि १८८३ मध्ये कमी दराची स्वतंत्र दूरध्वनी कंपनी स्थापन केली. तिला यंत्रे पुरविण्याचे काम एरिक्सन यांच्याकडे आले. या दोघांच्या स्वभावांत मोठे अंतर होते. सेडरग्रेन धाडसी आणि दूरवरचे पाहणारे, तर एरिक्सन सावध आणि संशयी. दूरध्वनीला मोठी बाजारपेठ मिळेल यावर एरिक्सन यांचा आरंभी विश्वासच नव्हता. रिकामपण असलेल्या श्रीमंतांचे हे एक खेळणे आहे, असे त्यांना वाटे. ज्या माणसाने दूरध्वनी घरोघरी पोहोचविण्यास सर्वाधिक हातभार लावला, त्यालाच त्या यंत्राच्या भवितव्याची शंका होती, हा इतिहासातील विलक्षण विरोधाभास म्हणावा लागेल.

सेडरग्रेन यांचे स्वप्न मात्र लवकरच साकारू लागले. १८८५ च्या सुमारास दूरध्वनींच्या संख्येत स्टॉकहोम जगातील शहरांत अग्रस्थानी पोहोचले. १८८७ मध्ये शहराच्या मध्यभागी लोखंडी मनोरा उभारण्यात आला. पाच हजारांहून अधिक तारा त्याच्याकडे एकवटत. १८८८ मध्ये बेल यांची स्टॉकहोममधील कंपनी सेडरग्रेन यांच्या कंपनीच्या ताब्यात आली.

बोलण्याचा आणि ऐकण्याचा भाग एकाच मुठीत जोडलेला रिसीव्हर हीदेखील याच काळाची देणगी. दूरध्वनी केंद्रात काम करणाऱ्या मुलींचा एक हात मोकळा राहावा, या गरजेतून तो आकाराला आला. नंतर तो सर्वसामान्यांच्या घरी पोहोचला आणि पुढे कित्येक दशके दूरध्वनीचे रूप तेच राहिले.

सीमा ओलांडताना

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस स्वीडनची बाजारपेठ भरत आली आणि एरिक्सन यांना परदेशाकडे वळावे लागले. १८९६ मध्ये उद्योगाचे रूपांतर भागभांडवलाच्या कंपनीत झाले. सुरुवातीला वेगवेगळ्या देशांत प्रतिनिधी नेमून विक्री होत असे. १८९७ च्या सुमारास कंपनीच्या उत्पादनापैकी २८ टक्के माल एकट्या ब्रिटनमध्ये जात होता. युरोपबाहेर ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड या सर्वांत मोठ्या बाजारपेठा ठरल्या. चीन, दक्षिण आफ्रिका आणि मेक्सिको येथूनही मागणी येऊ लागली. भारतात कलकत्ता, मुंबई आणि मद्रास या शहरांत १८८२ पासूनच दूरध्वनी केंद्रे होती. ती ब्रिटिश कंपनीच्या हाती होती. १९०३ मध्ये भारत सरकारला हाताने चालविण्याचे स्विचबोर्ड पुरवून एरिक्सन कंपनीने या देशात प्रवेश केल्याची नोंद कंपनीच्या इतिहासात आहे.

परदेशात केवळ विक्री करून भागत नाही, हे लवकरच लक्षात आले. स्थानिक कंत्राटे हवी असतील तर कारखानाही स्थानिक हवा. त्यामुळे १८९७ मध्ये रशियातील सेंट पीटर्सबर्ग येथे उत्पादन सुरू झाले आणि १९०३ मध्ये इंग्लंडमधील बीस्टन येथे कारखाना आला. अमेरिकेतही बफेलो येथे प्रयत्न झाला, पण तेथील बलाढ्य कंपन्यांपुढे तो टिकला नाही. मेक्सिकोत मात्र १९०५ मध्ये राजधानीत दूरध्वनी सेवा चालविण्याची सवलत कंपनीला मिळाली आणि लॅटिन अमेरिकेचे दार उघडले.

या विस्ताराला जोखमीची बाजूही होती. रशियावर कंपनीची फार मोठी भिस्त होती. १९१७ च्या क्रांतीनंतर तेथील कारखाना सरकारजमा झाला आणि कित्येक वर्षांची कमाई एका फटक्यात गेली. अनेक देशांत पसरलेला उद्योग एका देशातील नफ्याने वाढतो, तसा एका देशातील उलथापालथीने हादरतो, हा धडा तेव्हा मिळाला.

पुन्हा शेतीकडे

तोपर्यंत एरिक्सन स्वतः या व्यापातून बाहेर पडलेले होते. कंपनी भरभराटीला आलेली असताना १९०१ मध्ये, वयाच्या ५४ व्या वर्षी, त्यांनी सूत्रे खाली ठेवली. १९०५ पर्यंत आपल्याकडील भाग सांभाळले आणि नंतर ते सर्व विकून टाकले. स्वतःच्या नावाने चालणाऱ्या कंपनीत त्यांची एका पैशाचीही मालकी उरली नाही.

मनाने ते अखेरपर्यंत शेतकरीच राहिले. स्टॉकहोमच्या दक्षिणेस बॉटकिर्का भागात त्यांनी शेतजमीन घेतलेली होती. लहानपणी ज्या शेतीने पोटभर अन्न दिले नाही, त्याच शेतीत आता त्यांनी नवनवे प्रयोग केले आणि कामाला विजेची जोड दिली. कारागिराची नजर मात्र सुटली नाही. १९१० च्या सुमाराची एक हकिगत कंपनीच्या इतिहासात आवर्जून सांगितली जाते. मोटारीतून फिरताना त्यांच्याजवळ एक दूरध्वनी असे. वाटेत गाडी थांबवायची, हिल्डा यांनी दोन लांब काठ्यांच्या साहाय्याने रस्त्याकडेच्या तारांना जोडणी करायची आणि जवळच्या केंद्राशी बोलणे करायचे. गाडी उभी असतानाच बोलता येत असे, म्हणून त्याला आजच्या अर्थाने मोबाइल म्हणता येणार नाही. पण माणसाने घराच्या भिंतीला बांधून न राहता बोलावे, ही कल्पना त्यात होती.

१७ डिसेंबर १९२६ रोजी वयाच्या ८० व्या वर्षी एरिक्सन यांचे निधन झाले. हाताखालच्या माणसांकडून ते कसून काम करून घेत आणि तरीही कामगारांना त्यांच्याविषयी आदर होता. स्वतःचा गवगवा त्यांना कधीच रुचला नाही. आपल्या थडग्यावर नावाचा दगड बसवू नये, असे त्यांनी सांगून ठेवले होते आणि ते पाळले गेले.

नाव उरले

दगडावर न कोरलेले नाव पुढे जगभर गेले. स्वीडनमध्ये १९५६ मध्ये मोटारीतील स्वयंचलित दूरध्वनी सेवा सुरू झाली, तेव्हा त्या यंत्राचे वजन सुमारे ४० किलो होते. १९८१ मध्ये सौदी अरेबिया आणि उत्तर युरोपातील देशांत मोबाइलचे पहिले मोठे जाळे आले आणि त्यासाठी एरिक्सन कंपनीने यंत्रणा पुरविली. भारतात मोबाइल सेवा ३१ जुलै १९९५ रोजी सुरू झाली. २००१ मध्ये कंपनीने जपानच्या सोनीबरोबर भागीदारीत फोन बनविण्यास सुरुवात केली. २०१२ मध्ये आपला वाटा सोनीला देऊन ती फोनच्या व्यवसायातून बाहेर पडली आणि तिने जाळ्यांच्या यंत्रणेवर लक्ष केंद्रित केले. पुढे पुण्यात तिची उपकरणे तयार होऊ लागली, तर बंगळूरुत तिचे संशोधन केंद्र उभे राहिले.

बसवनगुडीत दरवर्षी कार्तिक महिन्यात नंदीच्या मंदिराजवळ भुईमुगाच्या शेंगांची जत्रा भरते. आसपासच्या तालुक्यांतील शेतकरी नवे पीक घेऊन येतात आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना शेंगांचे ढीग लागतात. त्या विक्रेत्यांच्या हातातही आता मोबाइल असतो. श्रीमंतांचे खेळणे म्हणून ज्याच्याकडे एरिक्सन यांनी शंकेने पाहिले, तेच यंत्र शेतकऱ्याच्या रोजच्या वापराचे साधन झाले आहे. आपला अंदाज असा चुकला याचे शेतकऱ्याच्या घरी जन्मलेल्या या कारागिराला दुःख झाले नसते.