रवींद्रनाथांचे वृक्षसोबती

रवींद्रनाथ ठाकुरांचा जन्म १८६१ साली कलकत्त्यातील जोडासाँको येथील वाड्यात झाला. लहानग्या रवींद्रावर नोकरांचा कडक पहारा असे. एक नोकर त्याच्याभोवती खडूचे रिंगण आखी. ते ओलांडण्याची त्याची प्राज्ञा नव्हती. खिडकीखालच्या तळ्याकाठी जुनाट वड होता. त्याच्या पारंब्यांच्या अंधाऱ्या जाळीकडे तो तासन्‌तास पाहत राही. आतल्या बागेत नारळीची रांग, पपनस, बोर अशी मोजकीच झाडे. तरी शरदातील पहाटे उठताच तो तिकडे धावे. व्हरांड्याच्या कोपऱ्यात सीताफळाचे बी पेरून तो त्याला रोज पाणी घाली. १९१२ सालच्या ‘जीवनस्मृती’त रवींद्रनाथांनी या सोबत्यांचे प्रेमाने स्मरण केले आहे. १९०१ साली शांतिनिकेतनात त्यांनी शाळा काढली व वर्ग झाडांखाली भरवले. आपणांस न लाभलेला वृक्षांचा मोकळा सहवास त्यांनी तेथील मुलांना दिला.